'परते' या आडनावाचा अर्थ

मी जन्मभर मराठी शिकवलं. शब्द कुठून आला, कसा झिजला, त्याचं मूळ रूप काय होतं — हे सांगून पोट भरलं, आणि पोरांना ते आवडायचंही. पण एका शब्दाबद्दल मी जे सांगितलं ते खोटं होतं. सांगतानाच मला ठाऊक होतं की ते खोटं आहे. हे मी बायकोला बोललो नाही, मुलांना बोललो नाही, वडील मरणाला टेकले तेव्हा त्यांनाही बोललो नाही. देवाला? आमच्यात दर रविवारी सगळे मिळून पापाची कबुली म्हणतात. सगळ्यांनी मिळून म्हटलेल्या कबुलीचा एक फायदा असतो — कुणी नेमकं काय केलं ते तिच्यात येत नाही.

तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळलेलं नाही. ऐका, एवढंच.

आमचं गाव सोनईपासून राहुरीकडे जाणाऱ्या वाटेवरचं. त्याचं नाव सांगत नाही. तिथे अजून माणसं राहतात. माझ्या शाळकरी दिवसांच्या शंभरेक वर्षं आधी तिथल्या महारवाड्यातल्या चार घरांनी बाप्तिस्मा घेतला. गावाने बलुतं बंद केलं, वाट बंद केली. मग एका सकाळी चार कुटुंबं गाठोडी डोक्यावर घेऊन मुळा नदीच्या पलीकडे, मिशनच्या बंगल्याकडे निघाली. चार निघाली आणि तीन पोचली. एक कुटुंब नदीच्या पात्रातून मागे फिरलं. पुढे वर्षांनी राग निवला, सगळे गावात परत आले, शाळा झाली, देऊळ झालं — आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. मागे फिरलेलेही कधीतरी पुन्हा येऊन मिळाले. पण ते कोण, याचा उच्चार कुणी करत नसे. उपदेशात पाळक म्हणत, "चौथ्याचं नाव प्रभूला ठाऊक आहे." त्यामुळे गावात मूळ घरं चार, आणि चारही त्या तिघांतली. हे गणित शंभर वर्षं कुणी तपासून पाहिलं नव्हतं, आणि त्यातच सगळ्यांचं भलं होतं.

मग नवे पाळकसाहेब आले. ते तरुण होते आणि उत्साही होते. त्यांच्या मनात आलं की मंडळीच्या पोरांनी वाडवडिलांचा तो प्रवास जसाच्या तसा चालून दाखवावा. जुनी धोतरं, जुनी लुगडी, डोक्यावर गाठोडी, पुढे एक बैलगाडी म्हाताऱ्यांसाठी, मागे एक बैलगाडी लाउडस्पीकरसाठी. वाडवडिलांकडे लाउडस्पीकर नव्हता, हे मी म्हणालो. वडिलांनी डोळे वटारले. माझे वडील शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे चिटणीस. मी अकरावीत, वर्गात पहिला, हाताला लागेल ते वाचणारा आणि ते वाचलंय हे सगळ्यांना कळेल याची काळजी घेणारा. नदीतल्या नाटकाचं लिखाण अर्थातच माझ्याकडे आलं.

साल दुष्काळाचं होतं. पदयात्रेची तयारी करायला याहून वाईट साल सापडलं नसतं. विहिरींच्या तळाला भेगा पडलेल्या. रस्त्याने रोज माणसं जायची — खडी फोडायच्या कामावर, पोरंबाळं, डोक्यावर गाठोडी. आणि आम्ही देवळाच्या आवारात कडुनिंबाखाली गाठोडी डोक्यावर घेऊन चालायचा सराव करत होतो. आमची गाठोडी घसरायची. एकदा कामावर चाललेली एक बाई थांबली, कुंपणावरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आरं, चुंबळ घ्या की डोक्याला. आन् निगालात कुटं?" पाळकसाहेब म्हणाले, "नाटक आहे, बाई." ती हसली नाही. "व्हय का," म्हणाली आणि गेली.

मी पुन्हा इकडचं तिकडचं सांगतोय. तुमच्या लक्षात आलं असेल.

दान्या परते माझा मित्र. दानिएल, पण दानिएल त्याला फक्त हजेरीत म्हणत. आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचे वडील साखर कारखान्यावर ऊस उतरवायचे. घरात त्याची आजी होती, सगुणाबाई. मंडळीतली सगळ्यांत म्हातारी. नाटकासाठी जुन्या गोष्टी गोळा करायच्या म्हणून मी तिच्याकडे गेलो. ती उंबऱ्याशी बसून रेशनची तांबडी ज्वारी निवडत होती — मिलो म्हणायचे तिला, परदेशातून यायची, जनावरंही नाक मुरडायची. तिने दान्याला टँकरच्या रांगेत घागर लावायला पाठवलं. तो गेल्यावर सूप खाली ठेवलं.

"आमाला परते का म्हंत्यात, ठाव हाय का तुला?"

नाही म्हणालो.

"माजा आजेसासरा पोरगा हुता तवा गावातनं चालला की लोक वरडायचे — परता हो, परता हो. म्हंजी बाजूला सर. सावली पडंल. समदा दिस त्येच. त्याला वाटायचं ह्येच आपलं नाव. मंग बाप्तिस्म्याला सायबानं इचारलं, तुला काय म्हणतात? ह्यो म्हनला, परता म्हंत्यात, सायेब. सायबाची मराठी पुस्तकातली. त्याला वाटलं आडनाव सांगितलं. लिव्हून घेतलं. परते."

ती हसली. मलाही हसावं की नाही ते कळेना.

"पोरास्नी सांगितलं न्हाई म्या. साळंत चिडवत्याल. नाटकात बी घालू नगं. पर तू लिव्हनारा हायेस, एकाला तरी ठाव असू दे." मग ज्वारी पुन्हा पुढे ओढत म्हणाली, "नदीत सगळ्यांच्या फुडं त्योच हुता. पान्याचा अदमास त्यालाच हुता ना. आमचं लोक माघारी फिरलं न्हाईत."

मग चौथं घर कुणाचं, हे तिने सांगितलं नाही. मी विचारलं, तर माझ्याकडे नुसती पाहत राहिली. तेव्हाच कळायला हवं होतं.

ते मला त्याच आठवड्यात कळलं. माझे आजोबा अंथरुणाला खिळले होते. दुपारी त्यांचे पाय चेपायचं काम माझं. मी नदीचा विषय काढला. ते छताकडे बघत म्हणाले, "आपला म्हातारा फिरला माघारी. चावडीम्होरं नाक घासलं. मंग मोठा दुष्काळ पडला, मिशनात धान्य वाटाया लागले, तवा आला पुन्ना. भूक लागली हुती, दुसरं काय?" एवढं बोलून त्यांनी कूस बदलली. त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. शंभर वर्षांपूर्वीचा एक उपाशी माणूस — कोण लाज धरील त्याची? मी धरली. मी पुस्तकं वाचलेली होती.

आता ती संध्याकाळ.

देवळाच्या ओट्यावर आम्ही पंधरावीस पोरंपोरी बसलो होतो. पाळकसाहेबांनी ठरवलं होतं की प्रत्येकाने आपल्याच पूर्वजाचं काम करायचं. तीन कुटुंबं नदी ओलांडतील, काठावर गीत होईल. आणि चौथं? साहेब म्हणाले, चौथाही स्पष्ट दिसला पाहिजे, त्याशिवाय बोध होत नाही. मागे फिरणार कोण? मग शमशोन नावाचा एक दांडगा पोरगा होता, तो माझ्याकडे बघत म्हणाला, "माजी आई म्हंती, चौथं घर मास्तरांचं."

तो हे सहज बोलला. कदाचित त्याच्या आईनेही सहज म्हटलं असेल. पण वडील दारात उभे होते, हातात देवळाच्या किल्ल्या. मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांना ठाऊक होतं — त्या क्षणी कळलं मला. आणि ते काही बोलणार नव्हते, हेही.

मी म्हणालो, "लांब कशाला जाता? नावातच आहे की. परतले ते परते."

सगळे हसले. सर्वांत आधी दान्या हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय, आणि खरं सांगायचं तर पहिलं वाक्य थट्टाच होती. पण पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला. "असं असू शकतं?" त्यांनी विचारलं. आणि मग मी समजावून सांगितलं. परतणे हे क्रियापद, त्यावरून नाव कसं बनतं, गावाने ठेवलेली नावं आडनावं कशी होतात — दोन-चार उदाहरणंही दिली, ती खरी होती. मला माझा आवाज आठवतो. छान लागला होता.

दान्याचं हसू हळूहळू गेलं. "पर आजी म्हंती आमचा म्हातारा फुडं हुता."

"आजींचं वय झालंय बाळ," साहेब म्हणाले.

तेव्हा तो माझ्याकडे वळला. "तू गेल्तास ना परवा तिच्याकडं? काय म्हनली ती?"

इथे थांबता आलं असतं. तो शब्द कुठून आला हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं — तिने सांगू नको म्हटलंच होतं. नुसतं 'ती म्हणाली की तुमचे लोक पुढे होते' एवढं म्हणायचं होतं. एका वाक्याचं काम.

"काही नाही," मी म्हणालो. "ज्वारी निवडत होती."

हे ते. थट्टा सोडून द्या, व्याकरण सोडून द्या. कबूल करायचं ते हे आहे.

वडिलांनी किल्ल्या खिशात टाकल्या आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. घराशी आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी त्याआधी कधी ठेवला नव्हता.

त्यानंतरचे सराव वाईट झाले. साहेबांच्या मते चांगले झाले. दान्या गाठोडं घेऊन मधूनच मागे वळायचा, आणि बाकीच्यांनी ओरडायचं, त्याला धिक्कारायचं. काय ओरडायचं ते मी लिहिलेलं नव्हतं. पोरांनी आपोआप शोधलं — "परते, परत. परते, परत." ठेका धरायला सोपं होतं. मी ते ऐकत बसायचो, हातात लिखाण घेऊन. ते काय ओरडतायत, हे त्या आवारात फक्त मला कळत होतं. शंभर वर्षांपूर्वी हाच शब्द गावाने त्या घरावर फेकला होता. आता आम्ही फेकत होतो, आणि वर त्याला बोध म्हणत होतो. मी काय केलं असेल? एका पोराचा उच्चार सुधारला.

दान्या माझ्याशी बोलायचा बंद झाला नाही. तो झाला असता तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं त्याने, "म्या न्हाई केलं तर चालंल का रे?" मी म्हणालो, साहेबांना विचार. साहेबांना तो विचारणार नाही, हे मला माहीत होतं.

पदयात्रा निघाली त्या दिवशी ऊन कोवळं असतानाच वारा तापला होता. पुढच्या गाडीत म्हातारी माणसं, त्यांत सगुणाबाई, नवं लुगडं नेसलेली. नाटकात काय आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दान्याने सांगितलं नसणार. तो ते घरी कसं सांगेल? वाटेवर खडीवाले कामगार उठून बघत होते. मुळेच्या पात्रात पाणी नव्हतंच. गुडघाभर पाण्यातून जायचं दृश्य मी लिहिलं होतं, ते वाळूतून करायचं ठरलं. काठावर आसपासच्या वाड्या-वस्त्यांतले शेतकरी जमले होते. लाउडस्पीकरवर साहेबांचा आवाज — "आणि एक मात्र मागे फिरला." दान्या वळला.

पोरं ओरडायला लागली. मग काठावरचे लोकही. त्यांना ते मजेशीर वाटलं असावं. शंभर-दीडशे माणसं एका सुरात. "परते, परत." लांबून ऐकताना शेवटचा शब्द तुटायचा. उरायचं ते एवढंच — परते, परते, परते.

मी गाडीजवळ उभा होतो. सगुणाबाई खाली उतरली. कुणी हात दिला नाही. एवढी म्हातारी बाई, चाकाला धरून घाईघाईने उतरली. पदर डोक्यावर ओढला आणि रस्ता सोडून कडेच्या काट्यांत जाऊन उभी राहिली. तोंड रस्त्याकडे नव्हतं, शेताकडे होतं. शेजारची बाई म्हणाली, "म्हातारीला मळमळलं वाटतं. गाडी हलते ना." मला ठाऊक होतं ती का उतरली. तिच्या लहानपणी हा शब्द ऐकला की असंच करायचं असे. तिच्या पायांना ते अजून पाठ होतं.

नंतर ती गाडीत बसली नाही. परतताना सगळा रस्ता कडेने चालत आली. दान्या तिच्या मागे, डोक्यावर ते गाठोडं तसंच. कुणी त्याला ते टाक म्हणून सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी देवळाबाहेर तिने मला गाठलं. आजूबाजूला माणसं होती, म्हणून हळू बोलली. "तुला सांगितलं हुतं म्या."

"आजी, ते नाटकापुरतं आहे," मी म्हणालो.

"मंग नाटक कवा संपनार?"

ती पुन्हा देवळात आली नाही. तिने खरं काय ते चारचौघांत का सांगितलं नाही, याचा मी खूप विचार केलाय. सांगायचं तर तो शब्दच सांगावा लागला असता, आणि तिने तो नातवंडांपासून आयुष्यभर लपवला होता. पळपुट्याचं घर की परता हो — या दोन्हींतलं कमी वाईट ते तिने निवडलं असेल. मी तिला निवडायला लावलं.

पावसाच्या आधी ती गेली. आमच्या दफनभूमीत पहिल्या घरांची एक रांग आहे. तिचा नवरा त्याच रांगेत होता, शेजारी जागा राखलेली. पंचांची बैठक बसली. आता गोष्ट उघड झालीच आहे तर रांग तिघांचीच असावी, असं ठरलं. नवऱ्याची कबर हलवणं बरं दिसलं नसतं, ती राहू दिली. बाईला निवडुंगाच्या कुंपणाकडे जागा दिली. हे सगळं माझ्या वडिलांनी फार हळुवार शब्दांत कळवलं. दान्याचे वडील नुसते मान हलवत राहिले. जमीन दगडासारखी होती. दोघं बापलेक पहार घेऊन सकाळभर खणत होते. शास्त्रवाचन माझ्याकडे होतं, माझं वाचन स्पष्ट म्हणून. मी ते स्पष्ट वाचलं.

माझे आजोबा त्याच वर्षी त्या रांगेत गेले. पुढे वडीलही.

दान्या मॅट्रिकला बसला नाही. नगरला गेला, आणि नागापूरला कारखाने झाले तसा तिथे लेथवर लागला. बऱ्याच वर्षांनी एका कामासाठी मी तिकडे गेलो असता फाटकाशी त्याने मला ओळखलं. सलाम केला, टपरीवर नेलं. केस पांढरे झाले होते. बोलता बोलता कळलं की त्याने आडनाव बदललंय. आईच्या माहेरचं लावतो, रीतसर. मी कारण विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. "पोरीच्या सोयरिकीला लोक इचारायचे, परते म्हंजी त्येच का, नदीतले? मंग म्हनलं, ऱ्हाऊ द्या."

त्याच्या मनात राग नव्हता. तो आपल्या लोकांची लाज बाळगून होता — जी त्यांची नव्हती. मग त्याने विचारलं, "एक सांग. त्या टायमाला तुला खरंच तसं वाटलं हुतं? नावाचं?"

त्याचे वडील वारले होते. आजी वारली होती. माझे वडीलही तोवर वारले होते. सांगितलं असतं तर कुणाचं काय जाणार होतं? माझंच काहीतरी गेलं असतं. मी तेव्हा हेडमास्तर होतो.

"हो रे," मी म्हणालो. "खरंच वाटलं होतं."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसत होतं. मित्राने मुद्दाम केलं नाही, एवढंच त्याला हवं होतं. चहा त्यानेच पाजला, आणि मला बसस्टँडपर्यंत सोडायला आला.